संथ चेंडूच्या आधी

२ एप्रिल १९८८, डे मॉइन

पोचलो. खोली तळघरात आहे, पण कोरडी आहे. खिडकी जमिनीलगत, बाहेर पाहिलं की गवत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. घरमालकीण लिंडक्विस्टबाई, सत्तरीच्या, एकट्या. दर उन्हाळ्यात इथल्या बेसबॉल संघाचा एक खेळाडू घरी ठेवतात. मागच्या वर्षीचा वर मोठ्या लीगमध्ये गेला, त्याच्या आधीचा घरी गेला, हे त्यांनी माझी बॅग आत येण्याआधीच सांगितलं. "तुझं काय ते सप्टेंबरात कळेलच," म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला गेल्या.

हा माझा अकरावा संघ. वय पस्तीस. मोठ्या लीगमध्ये मी एकदाच होतो, नऊ वर्षांपूर्वी, एका सप्टेंबरात. तिथल्या पिचरच्या, चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्याची माती वेगळी असते. ओलसर, घट्ट. बूट रुततो आणि तिथेच राहतो. त्या मातीवर अजून एकदा उभं राहायचं आहे. बाकी काही नाही.

बायकोला, कॉरिनला, हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला दुसरं काही येत नाही म्हणून मी खेळतो. तेही खरं आहे.

फेब्रुवारी संपत आला तरी एकाही संघाचा फोन नव्हता. मग इथला मॅनेजर लिरॉय स्टानेक याचा आला. म्हणाला, बुलपेनमध्ये, राखीव पिचरांच्या कट्ट्यावर, एक म्हातारा लागतो, पोरांवर नजर ठेवायला. मी म्हणालो, फेकायलाही मिळेल ना? तो म्हणाला, बघू. त्या 'बघू'बद्दल मी त्याचा आभारी आहे.

१० एप्रिल

गार वारा. आठव्या डावात आलो, तीन फलंदाज, तिघेही बाद. बुलपेनमधली पोरं मला आजोबा म्हणायला लागली आहेत. एकाने ब्लँकेट आणून माझ्या गुडघ्यांवर घातलं. सगळे हसले. मी ते काढलं नाही. ऊब होती.

माझ्याकडे आता वेग उरलेला नाही. जे आहे ते संथ चेंडूवर. हात वेगाने फिरतो, चेंडू मात्र तळहातात खोल धरलेला असतो, म्हणून तो उशिरा पोचतो. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. हे मला टॅन्सीने शिकवलं. तेव्हा मी चोविशीत होतो, खांदा गेलेला, कॅरोलायनातल्या एका गावात. टॅन्सी तिथला पिचिंग कोच, तंबाखूने दात पिवळे, बोलणं तुटक. पूर्ण उन्हाळा त्याने मला दुसरं काही टाकू दिलं नाही. तो चेंडू नसता तर मी त्याच साली लोरेनला परत गेलो असतो, पोलादाच्या कारखान्यात, वडिलांच्या शेजारी.

टॅन्सी जानेवारीत गेला. अंत्यविधीला जाता आलं नाही, बर्फ होतं. म्हणून यंदापासून मी एक करतो. फलंदाजामागे उकिडवा बसणाऱ्या कॅचरने संथ चेंडूची खूण केली की टाकण्याआधी मनातल्या मनात म्हणतो, आभारी आहे, टॅन्सी. मग टाकतो. कुणाला कळायचं कारण नाही. मला बरं वाटतं.

२६ एप्रिल

ओमाहाविरुद्ध मार बसला. दोन फटके भिंतीला लागले, दोन्ही संथ चेंडूवर. थंडीत बोटं बधिर होतात, चेंडूवरची पकड नीट बसत नाही.

५ मे

थंडी गेली. मार चालू आहे. इंडियानापोलिसचा एक पोरगा, ज्याची अजून दाढीही नीट आलेली नाही, तो माझ्या संथ चेंडूची वाट पाहत उभा होता. वेगाच्या चेंडूला हललाही नाही. नशीब एकेकाचं. यंदाचे चेंडू बहुतेक वेगळ्या कारखान्यातले आहेत, शिवण बसकी लागते.

लिंडक्विस्टबाई रेडिओवर प्रत्येक सामना ऐकतात. सकाळी अंडी वाढताना म्हणाल्या, "काल तू आलास तेव्हा मी विणकाम बाजूला ठेवलं. गेलास तेव्हा परत घेतलं. एक ओळसुद्धा वाया गेली नाही."

२१ मे, लुइव्हिल

आज समोर वाल्दो होता. वाल्दो केसादा, पोन्से गावचा, माझ्याहून वर्षाने मोठा. कॅरोलायनातल्या त्या उन्हाळ्यात तो माझा कॅचर होता. संथ चेंडू शिकलो मी, पण तो जमिनीवर आपटत असताना छातीने अडवला वाल्दोने. छातीवर चेंडूंच्या शिवणीचे वळ उठायचे. त्याच्या बायकोने एकदा मला घरी जेवायला बोलावून, त्याला शर्ट उघडायला लावून, ते वळ दाखवले होते. मग भरपूर जेवायला घातलं.

वाल्दो इतकी वर्षं खेळला, पण वर एक दिवसही गेला नाही.

सामना वाईट गेला. दोन डाव टाकले, लुइव्हिलच्या फलंदाजांनी मला पोरासोरासारखं धोपटलं. संथ चेंडूवर बाद झाला तो एकटा वाल्दो, दोनदा. दोन्ही वेळा शेवटचा चेंडू संथ होता आणि तो बॅट खांद्यावर ठेवून उभा राहिला. हललासुद्धा नाही, आणि मारण्याजोगा तिसरा चेंडू सोडला की फलंदाज बाद. दुसऱ्यांदा बाद होऊन परतताना त्यांच्या मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला वाईट वाटलं. सगळ्यांना दिसणारा चेंडू त्याला दिसेना. वय होतं माणसाचं.

२२ मे

वाल्दोबरोबर दुपारचं जेवण. नदीकाठी तळलेला मासा. त्याने कालच्या सामन्याचा विषय काढला नाही, मीही त्याच्या फलंदाजीचं काढलं नाही. असं बोलायचं नसतं.

तो खाताना सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी विचारलं, काही लागलंय का. म्हणाला, नाही. मग टॅन्सीचं विचारलं, आठवण येते का. मी त्याला माझी मनातली सवय सांगितली. तो खायचा थांबला. मला वाटलं, त्यालाही टॅन्सी आठवला.

"टॅन्सी काय म्हणायचा आठवतं?" त्याने विचारलं. "हात मोकळा, तोंड बंद."

"ते तंबाखूची पिंक मैदानावर टाकू नये म्हणून."

"भावा, म्हातारा उगाच काही बोलत नसे. तोंड बंद. एवढं लक्षात ठेव."

मी फार रडगाणं गातो असं त्याला म्हणायचं असावं. बरोबर आहे. मी इंडियानापोलिसच्या पोराबद्दल आणि शिवणीबद्दल बरंच बोललो होतो. यापुढे कमी बोलायचं ठरवलं. असा मित्र असणं ही मोठी गोष्ट आहे.

१५ जून

स्टानेकने खोलीत बोलावलं. दार लावलं नाही. दार लावलं की माणूस घरी जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी आधी दाराकडे पाहिलं.

म्हणाला, खालच्या लीगमधून एक डावखुरा पोरगा येतोय. त्याला जागा लागेल. चार जुलैपर्यंत बघू. मी म्हणालो, मनगट आता बरं आहे. त्याने विचारलं, बिघडलं कधी होतं?

दुपारी पोरांना पकड दाखवत बसलो. स्टानेक लांबून बघत होता. गप्पा मारायला येतो तो हल्ली फार. कोणता पोरगा तयार वाटतो, कोणाचा खांदा पुढे पडतो, सगळं मला विचारतो. एकटा असतो बिचारा.

१९ जून, रविवार

कॉरिनचा फोन. आमच्या टेसने पोहण्याची परीक्षा दिली. छताची एक पट्टी उडाली, शेजाऱ्याने लावून दिली. कॉरिनने हंगाम संपतो कधी ते विचारलं. कसा चाललाय ते नाही विचारलं. काळजी वाटू नये म्हणून मुद्दाम टाळते, मला कळतं.

२७ जून

बातमी आली. लुइव्हिलने वाल्दोला संघातून सोडलं.

२८ जून

सकाळी वरून लिंडक्विस्टबाईंनी हाक मारली, कुणी स्पॅनिश माणूस आहे फोनवर, रडतोय की हसतोय समजत नाही. वाल्दो होता. हसत होता.

मी सांत्वनाची दोन वाक्यं जुळवली होती. त्याने बोलू दिलं नाही.

"भावा, ऐक. आता मी कुणाचा नाही. कालपर्यंत बोलता येत नव्हतं. तुझे ओठ हलतात."

"कधी?"

"संथ चेंडूच्या आधी. दर वेळी. एप्रिलपासून पूर्ण लीगला माहितीये. बॅट घेऊन जाताना एकमेकांना सांगतात, म्हातारा प्रार्थना करायला लागला की थांबा."

मी फोनच्या शेजारच्या स्टुलावर बसलो.

त्याच्यावर रागवायचं कारण नाही. समोरच्या पिचरची खोड ही संघाची असते. ती बाहेर सांगायची नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. संघ सोडला, की मग ती तुमची. मीही कधी कुणाला सांगितलं नसतं. वाल्दोने सुटल्यावर एक रात्र मध्ये जाऊ दिली आणि सकाळी फोन केला. त्याचं स्वतःचं पुढे काय, ते मी विचारायच्या आत म्हणाला, मेव्हण्याचं टायरचं दुकान आहे, बघू. आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात बसून सगळं लिंडक्विस्टबाईंना सांगितलं. बाईंनी मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, टाक. मी नुसताच हात फिरवला. ओठ हलत होते. स्पष्ट. तीन अख्खे शब्द.

"सवय मोड," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मोडणार नाही. टॅन्सीचं एवढंच तर करतो मी.

बाईंनी विचार केला. "मग सगळ्याच चेंडूंच्या आधी आभार मान. वेगाच्या चेंडूने काय घोडं मारलंय?"

१ जुलै

ओमाहा. प्रत्येक चेंडूआधी ओठ हलवले. त्यांचा पहिला फलंदाज संथ चेंडूची वाट पाहत थांबला आणि वेगाचा चेंडू त्याच्या छातीसमोरून गेला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी खोटं बोललो. दुसराही तसाच. तिसऱ्याने आपल्या संघाकडे वळून हात उडवले. संध्याकाळी बुलपेनमधल्या एकाने विचारलं, आजोबा, बडबडता काय? मी म्हणालो, तुमच्या नावाने खडे फोडतो.

४ जुलै

आतषबाजी. स्टानेकने काही सांगितलं नाही. डावखुरा पोरगा आला, त्याला दुसऱ्याची जागा मिळाली. ज्याची गेली तो एकवीस वर्षांचा आहे. त्याला मी पकड शिकवत होतो. तो माझ्याशी हात मिळवून गेला. मी आभारी आहे आणि मला बरं वाटत नाहीये, दोन्ही एकाच वेळी.

१९ जुलै

धाव न देता तिसरा आठवडा. कणसं आली आहेत. बाई रोज उकडतात. वर्तमानपत्रात होरवाथ या माझ्या नावापुढे 'अनुभवी' लिहिलं होतं, 'उतारवयातला' नाही. बाईंनी कात्रण काढून फ्रिजवर लावलं. स्टानेक म्हणाला, वरून चौकशी झाली तुझी. सप्टेंबरात ते एखादा पिचर बोलावतील. मी फक्त मान हलवली. घरी येऊन तळघरात एकटाच उभा राहिलो, पाय उंचवट्यावर असल्यासारखे रोवून. कॉरिनला अजून सांगितलेलं नाही.

२९ जुलै

आमचा कॅचर बोवी याचा अंगठा मोडला. दुसरा कॅचर अजून कच्चा आहे. मी स्टानेककडे जाऊन वाल्दोचं नाव घेतलं.

त्याच्याकडे सगळ्या संघांची टिपणं असतात. त्याला ती बघावीही लागली नाहीत.

"केसादा? मे महिन्यात तुझ्यासमोर दोनदा आला. बॅट खांद्यावरून हलली नाही. बाकीच्यांनी तुला त्या दिवशी धोपटलं. होरवाथ, त्या माणसाला चेंडू दिसत नाही."

तो बोलत होता आणि मला ते तेव्हा दिसलं. इतके दिवस दिसलं नव्हतं.

वाल्दोला माहीत होतं. माझे ओठ हलताना त्याने पाहिले, पुढे काय येणार ते त्याला कळलं, आणि तो उभा राहिला. मला सांगता येत नव्हतं म्हणून. माझ्या टॅन्सीवर बॅट चालवणं त्याला जमलं नाही म्हणून. नक्की कशासाठी, ते मला माहीत नाही. त्यानंतर त्याला सोडलं.

बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो. मुद्दाम उभा राहिला असं सांगितलं, तर त्याला कोणताच संघ दारात उभं करणार नाही. आपल्या संघासाठी बॅट न चालवणारा माणूस. न सांगितलं, तर तो आंधळा म्हातारा. दोन्हीकडून तो बाहेर.

"त्याला चेंडू दिसतो," मी म्हणालो.

"कशावरून?"

"ते सांगता येणार नाही."

स्टानेक स्वतः चौदा वर्षं कॅचर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून दार लावलं.

"दोन्ही संथ चेंडू होते," तो म्हणाला.

"हो."

"एप्रिलपासून तुझी काहीतरी खोड होती. जुलैत गेली. जूनच्या शेवटी त्याला सोडलं." त्याने टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "तू मला काही सांगितलं नाहीस."

"नाही."

"मी काही विचारलं नाही. गुडघे कसे आहेत त्याचे?"

"वाईट."

"माझेही होते," म्हणाला आणि फोन जवळ ओढला.

म्हणजे त्याला माझी खोड आधीपासूनच दिसत होती. मग सांगितली का नाही? हे मला घरी येऊन सुचलं. स्वतःहून सापडते का बघत असेल. तसं असेल तर मी नापास झालो. तरी त्याने ठेवलं.

२ ऑगस्ट

वाल्दो आला. हातांना अजून टायरचा काळा रंग होता. बाईंनी त्याला माझ्या शेजारची खोली दिली आणि माझ्यापेक्षा मोठी उशी. मला म्हणाल्या, तो जास्त दमलेला दिसतो.

जेवण झाल्यावर अंगणात बसलो. मी मनात वाक्य तयार केलं होतं. म्हणालो, "मे महिन्यात लुइव्हिलला तू..."

"लुइव्हिलला मी वाईट खेळत होतो. कुणालाही विचार."

"वाल्दो, मला फक्त एवढंच म्हणायचंय..."

"ओठ," तो म्हणाला.

मी माझं कणीस उचललं. तो कणीस खात राहिला. कॉरिनला फोन केला तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्याला सांगू नकोस मग, त्याच्या बायकोला सांग. मी पोन्सेला फोन लावून तिला सांगितलं. ती म्हणाली, छातीवरचे वळ विसरलास का तू? हे तेच चालू आहे अजून. मग मुलांची चौकशी केली.

१४ ऑगस्ट

वाल्दो कॅचर असला की मला खुणा बघाव्याही लागत नाहीत. त्याची बॅटही चालते आहे. काल डेन्व्हरला चेंडू भिंतीपलीकडे गेला. पोरांनी त्याला पणजोबा ठरवून टाकलं. तो म्हणतो, म्हणजे मला बढती, तू अजून आजोबाच.

पोरं संध्याकाळी आम्हा दोघांभोवती बसतात. मी पकड सांगतो, वाल्दो ती कशी चुकते ते सांगतो. स्टानेक खुर्ची घेऊन मागे बसतो, काही बोलत नाही.

३० ऑगस्ट

स्टानेकच्या खोलीत आम्ही दोघंही. वरच्या संघाचा कॅचर धावताना पडला, खांदा निखळला. वरच्या यादीत सप्टेंबरसाठी एकच जागा मोकळी होती. ती पिचरसाठी ठेवली होती. आता ती कॅचरला.

स्टानेक माझ्याकडे बघून बोलला, वाल्दोकडे नाही. "तू याला आणलं नसतंस, तर आज मी तुझं तिकीट काढत होतो. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून सांगतो."

वाल्दो उभा राहिला. "मी जाणार नाही. ही त्याची जागा आहे."

"जागा कॅचरची आहे," स्टानेक म्हणाला. "हा उकिडवा बसू शकतो का?"

मला हसू आलं. वाल्दोला नाही आलं. मी त्याला म्हणालो, पोन्सेला फोन कर. तो गेला नाही तेव्हा मी स्वतः नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याने बायकोला एकच वाक्य सांगितलं. आम्ही बाहेर आलो.

३१ ऑगस्ट

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार आला, बोवीने अंगठा सांभाळला असता तर. दुसरा विचार त्याहून वाईट होता, तो लिहीत नाही. दाढी करताना कापलं.

वर प्रवास कोट घालून करावा लागतो. वाल्दोकडे कोट नव्हता. माझा त्याला खांद्यात बसेना. बाईंनी कपाटातून त्यांच्या मिस्टरांचा काढला, कापराच्या वासाचा, तपकिरी. बाह्या बोटांपर्यंत आल्या. बाईंनी त्या आतून दुमडून टाचल्या, तोंडात टाचण्या धरून त्याला दटावत, हलू नकोस, तू काय बॅट घेऊन उभा आहेस का. तो पुतळ्यासारखा उभा राहिला.

विमानतळावर मी सोडलं, बाईंच्या गाडीने. वाटेत त्याने विचारलं, तिथली माती कशी असते. मी सांगितलं. ओलसर, घट्ट. बूट रुतला की तिथेच राहतो. तो म्हणाला, पिचरची. कॅचरची कशी असते? मला माहीत नव्हतं. बघून सांग, म्हणालो.

परत येताना गाडी थोडा वेळ मक्याच्या शेताकडेला थांबवली. मग सकाळचा तो दुसरा विचार गेला. कसा गेला ते माहीत नाही, पण गेला.

५ सप्टेंबर

हंगाम संपला. शेवटचा डाव मी टाकला, कच्च्या कॅचरला. त्याने मागितलं ते टाकलं, एकदाही नाही म्हटलं नाही. शेवटच्या फलंदाजाने सरळ माझ्या हातात चेंडू मारला.

स्टानेकने दार लावलं. पुढच्या वर्षी खेळाडू म्हणून जागा नाही, हे त्याने एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्या वाक्यात सांगितलं की सगळ्यात खालच्या लीगमध्ये, कॅरोलायनात, पिचरांना शिकवायला माणूस हवा आहे. मी विचारलं, माझ्यासारखा कशाला, मला स्वतःची खोड तर दिसली नाही. तो म्हणाला, "फेब्रुवारीत मी तुला कशाला बोलावलं असं तुला वाटतं?"

मला वाटत होतं फेकायला. त्याने 'बघू' म्हटलं होतं. त्याने खरंच पूर्ण उन्हाळा बघितलं.

कॉरिनला सांगितलं. दोन्ही वाक्यं. ती म्हणाली, कॅरोलायनात टेसला शाळा मिळेल ना? मी म्हणालो, चौकशी करतो. ती म्हणाली, मी मार्चमध्येच केली आहे. स्टानेकने आधी तिला फोन केला होता म्हणे, मग मला. मला राग यायला हवा होता बहुतेक.

७ सप्टेंबर

बॅग भरली. दुपारी निघायचं होतं, पण बाई म्हणाल्या, सामना संपल्यावर जा. स्वयंपाकघरात रेडिओ. वरचा संघ मोठ्या फरकाने हरत होता, म्हणून नवव्या डावात नवीन माणसांना पाठवत होते. बाई विणत होत्या.

निवेदकाने वाल्दोचं नाव घेतलं. केसादा, छत्तीस वर्षांचा, मोठ्या लीगमधली त्याची पहिलीच फलंदाजी. बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं.

पहिला चेंडू बाहेरचा. दुसऱ्यावर त्याने बॅट फिरवली. लाकडाचा आवाज रेडिओतूनसुद्धा बरोबर आला नाही, बोथट वाटला. जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, समोरच्याच क्षेत्ररक्षकाकडे. झेपावण्याचीही गरज पडली नाही. त्याने उचलला, वाल्दो पोचायच्या आत बेसवर टाकला, बाद. निवेदक म्हणाला, केसादा बाद झाल्यावरही धावत बेसच्या पुढे पार भिंतीपर्यंत गेला, त्याला कुणीतरी थांबवा. मैदानातले लोक हसले ते ऐकू आलं.

मी टाळ्या वाजवत होतो. उभा राहिलो होतो.

"आउट झाला ना तो?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग टाळ्या कशाला?"

"धावला," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओकडे. आणि पुन्हा हातात घेतलेलं विणकाम टेबलावर ठेवून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.